‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’: कोड बरोबर असतानाही पोर्टल का बंद पडतं?

धर्मापुरी हे बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातलं गाव. केदारेश्वराचं प्राचीन मंदिर आणि किल्ला यासाठी ते ओळखलं जातं. इथल्या शेतकऱ्याला पीक विमा भरायचा असो, ई-पीक पाहणी करायची असो, डिजिटल सहीचा सातबारा काढायचा असो किंवा मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो, काम आता ऑनलाईनच होतं. आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही सेवा केंद्रात गेलात तर एक वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच: ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’

हे ऐकलं की आपण समजतो, खूप लोक एकाच वेळी आले असतील आणि सर्व्हरला भार झेपला नसेल. अनेकदा ते खरंही असतं. पण ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांखाली वेगवेगळे बिघाड झाकले जातात. त्यातल्या एका बिघाडाचा गर्दीशी काही संबंध नसतो. सर्व्हर धडधाकट असतो, इंटरनेट चालू असतं, प्रोग्रामरने लिहिलेला कोडही बरोबर असतो. चूक झालेली असते ती तो कोड बांधून सर्व्हरवर पाठवताना. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला पॅकेजिंगची चूक म्हणतात.

ही चूक नेमकी काय असते, ती कशी शोधतात आणि काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला तिचं काय देणंघेणं? समजून घेऊया.

एका दिवसाने काय बिघडतं?

आधी शेवटच्या प्रश्नाकडे वळू. पोर्टल एक दिवस बंद राहिलं तर बिघडतं काय? उद्या भरू अर्ज, असं वाटू शकतं.

पण सरकारी योजनांना मुदत असते. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली ती १५ ऑगस्ट २०२१ पासून. आपल्या शेतात कोणतं पीक आहे याची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची, ही त्यामागची कल्पना. सुरुवातीला अनेकांना ती एक औपचारिकता वाटली. मग २०२४ मध्ये राज्य सरकारने २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अर्थसहाय्य जाहीर केलं आणि त्यासाठी ई-पीक पाहणीची नोंद आधार मानली. ज्यांची नोंद ॲपमध्ये नव्हती, त्यांचं नाव यादीत नव्हतं. शेतात कापूस उभा होता, पण ॲपच्या लेखी तो नव्हता. मराठवाड्यात यावरून ओरड झाली आणि नंतर ही अट शिथिल करावी लागली.

पीक विम्याचंही तसंच. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. अर्जाची मुदत ३१ जुलै होती, ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. शेवटच्या दिवसांत पोर्टल संथ झाल्याच्या आणि अडकल्याच्या तक्रारी तेव्हा ठिकठिकाणाहून आल्या होत्या.

म्हणजे ऑनलाईन व्यवस्था बंद पडण्याची किंमत कंपनी किंवा कार्यालयापेक्षा आधी अर्जदार मोजतो. एका दिवसाची मजुरी, गाडीभाडं, आणि मुदत हुकली तर पूर्ण हंगामाची मदत. त्यामुळे पोर्टल का बंद पडलं हा केवळ इंजिनिअरांचा प्रश्न उरत नाही.

पॅकेजिंग म्हणजे काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं आपलं बिऱ्हाड ट्रकवर, ट्रॅक्टरवर लादून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. कोयते, भांडी, धान्य, पांघरुणं, कोपीसाठी ताडपत्री. गावात घर नीट चालू असतं. पण दोनशे-तीनशे किलोमीटरवर गाडी रिकामी केल्यावर कळलं की कोयताच मागे राहिला, तर दुसऱ्या दिवशीचं काम अडतं. तोडणी येत नाही म्हणून काम अडलेलं नसतं. बांधाबांधीत चूक झालेली असते.

सॉफ्टवेअरचं बिऱ्हाड असंच हलतं. प्रोग्रामर आपल्या कॉम्प्युटरवर कोड लिहितो. पण लोक तो वापरतात तो दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवरून. तिथे नेण्यासाठी कोड, त्याला लागणाऱ्या इतरांनी लिहिलेल्या तयार फाईली (यांना लायब्ररी म्हणतात), चित्रं, पानांचे साचे आणि सेटिंग्ज हे सगळं एका गाठोड्यात बांधतात.

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या मोठ्या प्रणालींमध्ये जावा ही भाषा खूप वापरली जाते. जावाच्या जगात या गाठोड्यांना नावं आहेत. लायब्ररीचं छोटं गाठोडं म्हणजे ‘जार’. संपूर्ण वेबसाईटचं गाठोडं म्हणजे ‘वॉर’, अर्थात वेब ॲप्लिकेशन अर्काइव्ह. अशी अनेक गाठोडी एकत्र बांधली की ‘इअर’, म्हणजे एंटरप्राइझ अर्काइव्ह. आतून पाहिलं तर ही सगळी साध्या झिप फाईलसारखीच असतात. टॉमकॅट, जेबॉस, वेबलॉजिक यांसारखी सर्व्हर सॉफ्टवेअर हे गाठोडं उघडतात, आतल्या वस्तू मांडतात आणि वेबसाईट सुरू करतात. या शेवटच्या टप्प्याला डिप्लॉयमेंट म्हणतात.

गाठोड्यात एखादी गोष्ट कमी, जास्त किंवा चुकीच्या जागी असली की डिप्लॉयमेंट फसतं. आणि बाहेर काउंटरवर पाटी लागते, सर्व्हर डाऊन.

चुका कुठल्या होतात?

या चुकांचे प्रकार मोजकेच आहेत आणि जगभर तेच तेच पुन्हा घडतात.

पहिला प्रकार, वस्तू मागे राहणं. प्रोग्रामरच्या कॉम्प्युटरवर एखादी लायब्ररी आधीपासून असते, म्हणून त्याच्याकडे सगळं चालतं. गाठोड्यात ती बांधायची राहते. सर्व्हरवर गेल्यावर ‘क्लास नॉट फाउंड’ असा संदेश येतो. ‘माझ्या मशीनवर तर चालत होतं’ हे आयटी क्षेत्रातलं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य बहुतेक वेळा याच प्रकारातून येतं.

दुसरा प्रकार, एकच वस्तू दोनदा येणं. ॲप्लिकेशन आपल्यासोबत एका लायब्ररीची नवी आवृत्ती आणतं आणि सर्व्हरकडे त्याच नावाची जुनी आवृत्ती आधीच असते. एकाच गावात एकाच नावाचे दोन खातेदार असले की कोणाचा उतारा कोणाला जाईल सांगता येत नाही, तशी गत होते. नव्या आवृत्तीतलं काम जुनीला सांगितलं जातं आणि ती म्हणते, असलं काही मला येत नाही. संदेश येतो ‘नो सच मेथड’. यातली गंमत अशी की वेबसाईट सुरू होते, दोन-चार पानं नीट चालतात आणि नेमकं ‘सबमिट’ दाबल्यावर कोसळते. म्हणून ही चूक सुरुवातीच्या तपासणीतून निसटते.

तिसरा प्रकार, नव्या जागेची रीत वेगळी असणं. जावाच्या प्रत्येक आवृत्तीत तयार झालेल्या फाईलवर एक क्रमांक असतो. जावा ८ चा क्रमांक ५२, जावा १७ चा ६१. जावा १७ वर बांधलेलं गाठोडं जावा ८ असलेल्या सर्व्हरवर नेलं तर सर्व्हर स्पष्ट सांगतो की मला ५२ पर्यंतच वाचता येतं, हे ६१ आहे. कोडमध्ये एकही चूक नसते, तरी काम ठप्प.

याच प्रकारातला एक मोठा बदल गेल्या काही वर्षांत जगभरच्या कंपन्यांना झेलावा लागला. २०१७ मध्ये ओरॅकल कंपनीने जावाची एंटरप्राइझ आवृत्ती एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवायचं ठरवलं. पण ‘जावाएक्स’ हे जुनं नाव घेऊन पुढचे बदल करायला मुभा मिळाली नाही. म्हणून २०२० मध्ये आलेल्या ‘जकार्ता ईई ९’ मध्ये आतल्या हजारो ठिकाणी ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ हे नाव आलं. टॉमकॅट ९ ला जुनं नाव कळतं, टॉमकॅट १० ला नवं. जुनं गाठोडं नव्या सर्व्हरवर ठेवलं की सर्व्हर खुशाल सुरू होतो, पण पान मागितलं की ‘सापडलं नाही’ म्हणतो. गावाचं नाव बदललं आणि पोस्टमनकडे जुन्या नावाची पत्रं आली, तसं हे.

चौथा प्रकार, जुना पत्ता तसाच राहणं. वेबसाईट तपासताना ती खोट्या माहितीच्या चाचणी डेटाबेसला जोडलेली असते. खरी सुरू करताना तो पत्ता बदलायचा असतो. तो गाठोड्यातच राहिला तर वेबसाईट एक तर सुरू होत नाही किंवा, त्याहून वाईट, सुरू होते आणि लोकांचे खरे अर्ज चाचणीच्या डेटाबेसमध्ये जमा होतात.

पाचवा प्रकार, नाव किंवा जागा चुकणं. टॉमकॅटमध्ये वॉर फाईलचं जे नाव, तोच वेबसाईटच्या पत्त्याचा भाग होतो. फाईलच्या नावात कुणी घाईत आवृत्तीचा क्रमांक जोडला की पत्ता बदलतो आणि जुन्या लिंकवर ‘४०४’ दिसू लागतं. विंडोजवर इंग्रजी मोठी आणि छोटी अक्षरं एकच धरली जातात. लिनक्सवर ती वेगळी असतात. फाईलच्या नावातलं एक अक्षर मोठं राहिलं तर ऑफिसमधल्या विंडोज कॉम्प्युटरवर चाललेलं पान लिनक्स सर्व्हरवर उघडत नाही.

यातली एकही चूक हुशारीच्या अभावाने होत नाही. ती घाईने होते, हाताने केलेल्या कामाने होते, आणि ‘मागच्या वेळी असंच केलं होतं’ या भरवशाने होते.

४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलर

अशा चुकीची किंमत किती मोठी असू शकते याचं सर्वाधिक सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नाईट कॅपिटल ही शेअर बाजारात व्यवहार करणारी मोठी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ पासून तिला नवं सॉफ्टवेअर सुरू करायचं होतं. सर्व्हर होते आठ. नवी फाईल सातवर पोचली, आठव्यावर टाकायची राहिली. दुसऱ्या कुणी ते ताडून पाहावं, अशी पद्धत कंपनीत लेखी स्वरूपात नव्हती.

आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता. नव्या सॉफ्टवेअरने जी खूण वापरली, तीच खूण त्या जुन्या कोडला जागं करणारी होती. बाजार उघडला आणि तो सर्व्हर बेफाम खरेदी-विक्री करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, बाजार उघडण्याआधी त्या प्रणालीने कर्मचाऱ्यांना त्रुटी दाखवणारे ९७ ई-मेल पाठवले होते. ते इशारा म्हणून वाचले जावेत अशी व्यवस्थाच नव्हती. दोन, बिघाड लक्षात आल्यावर कंपनीने घाईत सात चांगल्या सर्व्हरवरचं नवं सॉफ्टवेअर काढून टाकलं. त्यामुळे तेही आठव्यासारखं वागू लागले आणि नुकसान वाढलं. अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०१३ मध्ये कंपनीला १.२ कोटी डॉलरचा दंड केला.

मुंबई विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९ जुलै २०२४ ला मुंबई, पुण्यासह देशभरातल्या विमानतळांवर रांगा लागल्या. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांच्या चेक-इन यंत्रणा अडकल्या. कर्मचारी हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते आणि त्यांचे फोटो सोशल मीडियावर फिरत होते. अनेकांनी तेव्हा ‘मायक्रोसॉफ्ट डाऊन’ असं लिहिलं. मूळ कारण वेगळं होतं.

क्राउडस्ट्राइक ही सायबर सुरक्षा कंपनी. तिचं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांच्या विंडोज कॉम्प्युटरवर असतं. नव्या धोक्यांची माहिती देणाऱ्या छोट्या फाईली ती वेळोवेळी पाठवते. भारतीय वेळेनुसार त्या दिवशी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी अशीच एक फाईल गेली. या फाईलचा साचा २१ रकान्यांचा होता. कॉम्प्युटरवर बसलेलं सॉफ्टवेअर २० रकानेच पुरवत होतं. आधीच्या फाईलींमध्ये २१ वा रकाना ‘काहीही चालेल’ असा असल्यामुळे फरक उघड झाला नव्हता. या वेळी त्या रकान्याची खरोखर गरज पडली, सॉफ्टवेअर नसलेली माहिती वाचायला गेलं आणि विंडोज कोसळली. फाईल पाठवण्याआधी तपासणाऱ्या यंत्रणेतही दोष होता, त्यामुळे तिने फाईल पास केली.

मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटरना फटका बसला. जगातल्या एकूण विंडोज कॉम्प्युटरच्या तुलनेत हे एक टक्क्याहूनही कमी. पण ते विमानतळांवर, रुग्णालयांत आणि बँकांत होते. भारतात रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १० बँका आणि वित्त संस्थांना किरकोळ अडथळा आला.

कंपनीने ७८ मिनिटांत चुकीची फाईल मागे घेतली. पण जे कॉम्प्युटर आधीच बंद पडले होते ते सुरूच होत नसल्यामुळे बऱ्याच ठिकाणी एकेका मशीनपाशी जाऊन फाईल हाताने काढावी लागली.

त्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्येही त्रुटी होतीच. पण एक त्रुटी एकाच सकाळी लाखो ठिकाणी पोचली, कारण फाईल आधी थोड्या मशीनवर पाठवून पाहायची पद्धत या प्रकारच्या अपडेटसाठी नव्हती. अशा फाईलीही टप्प्याटप्प्याने पाठवण्याचा निर्णय कंपनीने नंतर घेतला.

बिघाड शोधतात कसा?

डिप्लॉयमेंट फसलं की अनुभवी इंजिनिअर पहिला प्रश्न विचारतो: कालपासून आजपर्यंत काय बदललं? काल चालत होतं आणि आज चालत नाही, तर उत्तर बहुधा त्या बदलात असतं.

मग लॉग पाहतात. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. त्यात चुकीच्या शेकडो ओळी एकदम येतात आणि नवखा माणूस पहिल्याच ओळीला धरून बसतो. जावाच्या लॉगमध्ये ‘याचं कारण हे, त्याचं कारण ते’ अशी साखळी असते. मूळ दुखणं सहसा साखळीच्या शेवटच्या कारणात सापडतं.

त्यानंतर गाठोडं उघडून पाहतात. वॉर फाईल झिपसारखीच असल्यामुळे ती उघडून आत कोणत्या लायब्ररी आहेत, कोणाच्या दोन आवृत्त्या आल्यात, सेटिंग्जमध्ये कुठला पत्ता आहे हे थेट दिसतं. लायब्ररींचं एकमेकींवरचं अवलंबित्व झाडासारखं मांडून दाखवणारी साधनंही असतात.

शेवटी जुळवून पाहतात. तपासणी ज्या फाईलची झाली, तीच फाईल सर्व्हरवर आहे का? यासाठी फाईलचा ‘चेकसम’ काढतात. चेकसम म्हणजे फाईलच्या बोटांचा ठसा. आत एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. आठ सर्व्हर असतील तर आठही ठसे सारखे यायला हवेत. नाईट कॅपिटलने त्या सकाळी एवढंच पाहिलं असतं तर आठवा सर्व्हर लगेच वेगळा दिसला असता.

आणि लोक खोळंबले असतील तर शोध नंतर, आधी जुनी चालणारी आवृत्ती परत बसवतात. याला रोलबॅक म्हणतात. मात्र कोणत्या स्थितीला परतायचं हे आधी ठरलेलं आणि तालीम केलेलं हवं, नाहीतर घाईतला रोलबॅक आगीत तेल ओततो.

मोठा सर्व्हर घेतला तर प्रश्न सुटेल?

पोर्टल बंद पडलं की ‘सर्व्हरची क्षमता वाढवा’ ही मागणी लगेच होते. भार हेच कारण असेल तर ती योग्यच. पण गाठोडंच चुकीचं बांधलं असेल तर दहापट मोठा सर्व्हरही तीच चूक दहापट वेगाने दाखवेल.

या चुका टाळायला लागते ती शिस्त, आणि ती फारशी महागही नाही. गाठोडं एकदाच बांधायचं आणि तेच चाचणीपासून प्रत्यक्ष वापरापर्यंत न्यायचं, मध्ये पुन्हा बांधायचं नाही. बांधायचं काम हाताने न करता यंत्रणेकडून करून घ्यायचं. ठिकाणानुसार बदलणारे पत्ते आणि पासवर्ड गाठोड्याबाहेर ठेवायचे. चाचणीचा सर्व्हर खऱ्या सर्व्हरची हुबेहूब प्रत ठेवायचा. नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांसाठी सुरू करायची. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांत नवी आवृत्ती टाकायचीच नाही. ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्या मोठ्या सेलच्या काळात असे बदल गोठवतात.

एक गोष्ट सरकारी पातळीवरही पुढे सरकली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत गंभीर सुरक्षा दोष सापडला. तेव्हा जगभरच्या संस्थांसमोर साधा प्रश्न उभा राहिला की ही लायब्ररी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का? गाठोड्यात गाठोडं, त्यात आणखी गाठोडं असल्यामुळे उत्तर शोधायला अनेकांना आठवडे लागले. सॉफ्टवेअरमध्ये काय काय भरलंय याची यादी सोबत असावी, हा विचार त्यामुळे पक्का झाला. भारतात सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम आणि अत्यावश्यक सेवांना डोळ्यांसमोर ठेवून आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापतात, तशीच ही यादी.

काउंटरसमोरून काय ओळखता येतं?

सर्व्हरच्या आत काय झालं हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. पण काही खुणा अंदाज देतात.

दिवसा अडकतं, रात्री उशिरा किंवा पहाटे चालतं, स्क्रीनवर ‘५०३’ किंवा ‘५०४’ येतं, तर बहुधा भार जास्त आहे. थोड्या वेळाने प्रयत्न करणं उपयोगी पडू शकतं.

कालपर्यंत चालणारं पान आज सगळीकडे, दिवसरात्र, एकाच जागी थांबतं आणि ‘४०४’ किंवा ‘५००’ दाखवतं, तर नव्या आवृत्तीतल्या चुकीची शक्यता मोठी. इथे पन्नास वेळा रिफ्रेश करून काही होणार नाही.

पाच प्रयत्नांत एकदा नीट उघडतं आणि बाकी वेळा वेगळंच काही दिसतं, तर अनेक सर्व्हरपैकी एखाद्यावर वेगळी आवृत्ती असू शकते.

फक्त मोबाईल ॲप अडतं आणि वेबसाईट चालते, तर आधी ॲपची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहा. आणि फक्त ओटीपी येत नसेल तर अडचण मेसेज पोचवणाऱ्या यंत्रणेतही असू शकते.

अशा वेळी स्क्रीनशॉट घ्या. त्यात त्रुटीचा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसू द्या. आधार क्रमांक आणि बँक खातं मात्र झाकून मगच तो शेअर करा. ‘पोर्टल बंद आहे’ या शंभर पोस्टपेक्षा ‘अमुक पानावर सबमिट केल्यावर ५०० येतं, सकाळी ११ पासून’ ही एक तक्रार दुरुस्ती करणाऱ्याला जास्त कामाची असते. आणि मुदत हुकली तर प्रयत्न केल्याचा पुरावा तुमच्याकडे राहतो.

विचारायचे प्रश्न

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि ती न मिळाल्यास अपील करता येतं. माहिती अधिकार कायदा २००५ खाली पोर्टल किती वेळ बंद होतं, नवी आवृत्ती कधी टाकली आणि कारण काय नोंदवलं, हे विचारता येतं.

विमानतळाच्या रांगेत अडकलेल्या प्रवाशाला काही दिवसांत कळलं की चूक कुठे झाली, कारण क्राउडस्ट्राइकने आपला कारणशोध अहवाल जाहीर केला. नाईट कॅपिटलची कहाणी आज आपल्याला मिनिटागणिक ठाऊक आहे, कारण नियामकाने ती लिहून ठेवली. आपल्याकडे पोर्टल बंद पडलं की सूचनेत सहसा एवढंच असतं: ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा तात्पुरती बंद आहे.’

ही अडचण कोणती होती, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, आणि जेवढे तास पोर्टल बंद होतं तेवढी मुदत आपोआप वाढणार का? या तीन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक बिघाडानंतर जाहीर होणं फार अवघड नाही. धर्मापुरीच्या शेतकऱ्याने जावा शिकण्याची गरज नाही. पण मुदत त्याच्यासाठी जशी काटेकोर असते, तसा हिशोब पोर्टल चालवणाऱ्यांनाही असायला हवा, एवढं तो नक्कीच मागू शकतो.